परळचा रक्तगट

मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या मनीला रक्त द्यावे लागले. मांजराला रक्त? मीही असाच चकित झालो. शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, त्यांचाही ग्रुप बघावा लागतो." मग त्याच्याकडून सगळे समजावून घेतले. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे गट असतात, ओ नसतोच. ए चे जनुक बी वर वरचढ, म्हणून बहुतेक साधी मांजरे ए गटाची. पण बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए विरुद्धची जबरदस्त प्रतिद्रव्ये आपोआप तयार झालेली असतात. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच ए चे रक्त दिले तरी ते दगावू शकते.

हे ऐकताना मला आपल्या परळची एक जुनी गोष्ट आठवली. परळला जनावरांचे 'बैलघोडा हॉस्पिटल' आहे आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर माणसांचे केईएम. हे केईएम आणि त्याला जोडलेले गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झाले, आणि देणगीदारांची अट होती की शिकवणारे सगळे भारतीय हवेत. इंग्रजांच्या राज्यात अशी अट! इतिहासाचा मास्तर असल्याने हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. असो.

तर १९५२ ची गोष्ट. दोन जखमी माणसे, एक रेल्वे अपघातातला आणि दुसरा भोसकला गेलेला. रक्त द्यायचे म्हणून तपासले, तर कुणाचेच जुळेना. १६० हून अधिक रक्तदात्यांचे रक्त पाहिले म्हणतात. ए नाही, बी नाही, एबी नाही, आणि ज्याला आपण सर्वांना चालणारा म्हणतो तो ओ सुद्धा नाही! डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी हा प्रकार धसास लावला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रेस, रूथ सँगर, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी साथ दिली, आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात निबंध छापून आला. शहराचे नाव १९९५ साली बदलले, पण रक्तगट मात्र जगभर 'बॉम्बे'च राहिला.

भानगड काय होती? लँडस्टायनरने १९०१ मध्ये गट शोधले तेव्हापासून ओ म्हणजे काहीच नाही, शून्य, अशी समजूत. खरे तर ओ वाल्यांच्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा एक पदार्थ भरपूर असतो. ए आणि बी हे या एच वरच चढतात. एच म्हणजे जोते समजा. जोतेच नसेल तर वर भिंत उभी राहणार कशी? ज्याला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून एच चे बिघडलेले जनुक मिळते, त्याच्याकडे हे जोते नसते. मग त्याच्या जनुकांत ए असो की बी, पेशीवर काहीच दिसत नाही. नेहमीच्या चाचणीत तो सरळ ओ ठरतो. पण त्याचे रक्त एच ला परके मानते. ओ ची बाटली चढवली तर त्या पेशी फुटतात, जीवावर बेतते. तो बहुतेकांना देऊ शकतो, घेऊ मात्र फक्त आपल्यासारख्याकडूनच शकतो.

१९७४ मध्ये भाटिया आणि साठे यांनी मुंबईत हे प्रमाण सुमारे ७६०० त एक असे दिले. युरोपात ते दहा लाखांत एक धरतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होत आली, तेही एक कारण. एकाच घराण्यातले तेच जनुक दोन्ही बाजूंनी भेटते.

मला मात्र सर्वात महत्त्वाची वाटते ती १९५५ ची नोंद. एका इटालियन वंशाच्या कुटुंबातली आई वरकरणी ओ, पण तिच्याकडून बी चे जनुक लेकीला गेलेले. लेकीला बापाकडून एच चे चांगले जनुक मिळाले आणि आईत दडलेला बी तिच्यात उघड झाला.

आमच्या दादरच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत एक तक्ता टांगलेला होता: आईबाप दोघेही ओ, तर मूल ओ च. दहावीतली एक मुलगी चिठ्ठ्या घेऊन स्टाफरूममध्ये आली. आईबाप ओ, हिचा बी. "सर, तक्ता चुकीचा आहे का?" विज्ञानाच्या सरांनी सांगितले, तक्ता कसा चुकेल, चिठ्ठी चुकली असेल. बहुधा तसेच असणार, असल्या चुका बॉम्बे गटापेक्षा कितीतरी जास्त होतात. पण ती गेल्यावर कुणीतरी तिच्या आईबद्दल काहीतरी बोलले, आणि सगळे हसले. दाराशी ती होती की निघून गेली होती, ते मी पाहिले नाही. मीही हसलो होतो.

तेव्हा परळला आयसीएमआरचे रक्तगट संदर्भ केंद्र होते, १९५७ पासून. भाटियांचेच काम. दादरहून बसने पंधरा-वीस मिनिटे. तिघांचेही पुन्हा तपासून घ्या, एवढे मी तिला सांगू शकलो असतो. पण ते केंद्र तिथे आहे हेच मला ठाऊक नव्हते, आणि विचारावेसेही वाटले नाही.

मनी बरी आहे. तिचा गट ए निघाला.