टीएलडी (संयुक्त औषध)

टीएलडी हे एचआयव्ही संसर्गाच्या उपचारासाठी दररोज एकदा घ्यावयाचे संयुक्त औषध आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन प्रतिविषाणू औषधांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. तिन्ही औषधे एकाच गोळीत असतात. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमांतर्गत शासकीय एआरटी केंद्रांमधून ही गोळी विनामूल्य दिली जाते. या औषधाने एचआयव्हीचा विषाणू शरीरातून पूर्णपणे नष्ट होत नाही. मात्र त्याची वाढ थांबते, रोगप्रतिकारशक्ती सावरते आणि संसर्गित व्यक्ती दीर्घकाळ निरोगी जीवन जगू शकते. त्यासाठी औषध आयुष्यभर व खंड न पाडता घेणे आवश्यक असते.

घटक व कार्यपद्धती

प्रौढांसाठीच्या एका गोळीत टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असते.

एचआयव्ही हा विषाणू प्रामुख्याने सीडी४ या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन ही औषधे या टप्प्यावर काम करणाऱ्या विकराला रोखतात. तयार झालेला डीएनए मानवी पेशीच्या जनुकसंचात जोडण्याचे काम इंटिग्रेज हे विकर करते. डोल्युटेग्राव्हिर त्याला अडवते. विषाणू सतत बदलत असल्यामुळे एकाच औषधाविरुद्ध तो लवकर प्रतिरोध निर्माण करतो. तीन औषधे एकत्र दिल्यास ही शक्यता फार कमी होते. गोळ्या वारंवार चुकल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण घटते, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि प्रतिरोधक विषाणू टिकून राहण्याची संधी वाढते.

इतिहास

भारतात एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ पासून पाश्चात्त्य देशांत वापरात आली, परंतु तिचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होता. २००१ मध्ये मुंबईतील सिप्ला या कंपनीने तीन औषधांचा उपचार स्वयंसेवी संस्थांना प्रतिव्यक्ती वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्यानंतर जगभर या औषधांच्या किमती झपाट्याने उतरल्या.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांमध्ये मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता. प्रारंभी ठरावीक सीडी४ संख्येखालील रुग्णांनाच औषध मिळत असे. २०१७ पासून सीडी४ संख्या कितीही असली तरी प्रत्येक संसर्गित व्यक्तीला उपचार देण्याचे धोरण लागू झाले.

डोल्युटेग्राव्हिरला २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सप्टेंबर २०१७ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार टीएलडी गोळी अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी प्रतिव्यक्ती वर्षाला सुमारे ७५ डॉलर दराने उपलब्ध झाली. २०१८ मध्ये आफ्रिकेतील बोट्स्वाना येथील पाहणीत, गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांत मज्जारज्जूच्या दोषाचा धोका वाढत असावा अशी शंका व्यक्त झाली. पुढे अधिक माहिती जमा झाल्यावर हा धोका अत्यल्प असल्याचे व नंतर इतर औषधांपेक्षा वेगळा नसल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गर्भवती व प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांसह सर्वांसाठी डोल्युटेग्राव्हिरवर आधारित उपचाराची शिफारस केली. नॅकोच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत टीएलडी हा प्रथम पसंतीचा उपचार आहे. त्याआधी डोल्युटेग्राव्हिरऐवजी इफाव्हिरेन्झ असलेली टीएलई ही गोळी वापरली जात होती.

मात्रा व घेण्याची पद्धत

किमान ३० किलो वजनाच्या किशोरवयीन व प्रौढ व्यक्तींना दिवसातून एक गोळी दिली जाते. गोळी जेवणापूर्वी, जेवणासोबत किंवा जेवणानंतर केव्हाही घेता येते; त्यामुळे उपवासाच्या दिवशीही ती चुकवण्याचे कारण नसते. घेण्याची वेळ मात्र रोज एकच असावी. झोप कमी येण्याचा त्रास होत असल्यास रात्रीऐवजी सकाळी गोळी घेण्याचा सल्ला दिला जातो.

गोळी घेण्यास विसर पडल्यास आठवण होताच ती घ्यावी. पुढील गोळीची वेळ ४ तासांच्या आत येत असल्यास चुकलेली गोळी सोडून द्यावी आणि नेहमीच्या वेळी पुढची घ्यावी. चुकलेल्या गोळीच्या भरपाईसाठी एकाच वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत.

उपचारातील सातत्य किमान ९५ टक्के असावे, असे एआरटी केंद्रांत सांगितले जाते. दिवसाला एक गोळी या हिशेबाने महिन्यातून एकाहून अधिक गोळी चुकता कामा नये, असा त्याचा अर्थ होतो. केंद्रावर येताना उरलेल्या गोळ्यांसह बाटली आणण्यास सांगितले जाते. गोळ्या मोजून सातत्याचा अंदाज घेतला जातो.

औषध मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवावे. बाटलीतील ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये. चुलीजवळ, पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या वाहनात औषध ठेवणे टाळावे.

उपचारापूर्वीच्या तपासण्या

टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर टाकले जात असल्याने सुरुवातीला रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाते. मूत्रपिंडाची कार्यक्षमता बरीच कमी असल्यास टेनोफोव्हिरऐवजी दुसरे औषध दिले जाते. क्षयरोगाची लक्षणे, सीडी४ संख्या, यकृताची स्थिती आणि हिपॅटायटिस-बीचा संसर्ग यांचीही तपासणी होते.

हिपॅटायटिस-बीची तपासणी विशेष महत्त्वाची आहे. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही औषधे त्या विषाणूलाही आवरतात. दोन्ही संसर्ग असलेल्या व्यक्तीने गोळी अचानक बंद केल्यास यकृताला तीव्र सूज येऊ शकते व ती प्राणघातकही ठरू शकते.

इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया

डोल्युटेग्राव्हिर लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व जस्त या धातूंशी आतड्यात बांधले जाते. तसे झाल्यास औषध रक्तात पुरेसे शोषले जात नाही. रुग्ण रोज गोळी घेत असूनही उपचार अपुरा पडण्याचे हे एक कारण असू शकते.

आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त औषधे: टीएलडी त्यांच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी.

लोह व कॅल्शियमच्या गोळ्या: हेच अंतर पाळावे. अंतर पाळणे शक्य नसल्यास दोन्ही गोळ्या जेवणासोबत एकत्र घेता येतात. उपाशीपोटी मात्र एकत्र घेऊ नयेत.

रिफाम्पिसिन: क्षयरोगावरील या औषधामुळे डोल्युटेग्राव्हिरचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून क्षयरोगाच्या उपचारकाळात टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची स्वतंत्र गोळी दिली जाते. रिफाम्पिसिन थांबल्यानंतरही ती २ आठवडे चालू ठेवतात.

मेटफॉर्मिन: मधुमेहावरील या औषधाचे रक्तातील प्रमाण डोल्युटेग्राव्हिरमुळे वाढते. म्हणून त्याची दैनंदिन मात्रा सामान्यतः १००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवतात.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन व कार्बामॅझेपिन: फेफऱ्यावरील ही औषधे डोल्युटेग्राव्हिरचा परिणाम कमी करतात. रुग्णाने ती स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टर पर्यायी औषध किंवा बदललेली मात्रा ठरवतात.

वेदनाशामके: डायक्लोफिनॅकसारख्या औषधांचा वारंवार वापर टेनोफोव्हिरसोबत मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकतो.

लोह, शंख इत्यादींच्या भस्मांमध्येही वरील धातू असतात. त्यामुळे आयुर्वेदिक औषधे आणि वैदू किंवा भगत यांच्याकडील जडीबुटी घेत असल्यास ते एआरटी केंद्रात सांगणे आवश्यक असते. मद्याची या गोळीशी थेट आंतरक्रिया होत नाही. परंतु मद्यपानामुळे गोळी विसरली जाते आणि यकृतावर ताण पडतो. मद्य घेतले म्हणून त्या दिवसाची गोळी टाळणे हा प्रचलित गैरसमज आहे.

दुष्परिणाम

सुरुवातीच्या काही आठवड्यांत डोकेदुखी, मळमळ, जुलाब किंवा निद्रानाश होऊ शकतो. हा त्रास बहुधा आपोआप कमी होतो. काही रुग्णांचे वजन वाढते. रक्तातील क्रिएटिनिन थोडेसे वाढलेले दिसू शकते. डोल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनिनचे उत्सर्जन मंदावते म्हणून असे होते, तो नेहमीच मूत्रपिंडाचा विकार नसतो. दीर्घकालीन वापरात टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडाचे कार्य किंवा हाडांची घनता कमी होण्याची शक्यता असते.

अंगावर पुरळ येऊन त्यासोबत ताप, तोंडात फोड किंवा चेहऱ्यावर सूज येणे, डोळे पिवळे होणे, लघवीचे प्रमाण फार कमी होणे, तसेच तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार ही तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप, खोकला किंवा गाठी दिसू लागल्यास सावरणारी प्रतिकारशक्ती क्षयरोगासारख्या दडलेल्या संसर्गाला प्रतिसाद देत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी स्वतःहून न थांबवता तपासणी करून घ्यावी लागते.

विषाणुभार आणि संक्रमण

उपचार कितपत यशस्वी आहे हे रक्तातील विषाणुभारावरून कळते. ही तपासणी ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी व त्यानंतर दरवर्षी केली जाते. तपासणीत विषाणू आढळण्याच्या पातळीखाली गेला असेल आणि औषध नियमित चालू असेल, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक जोडीदाराला संसर्ग होत नाही. गर्भवतीने गोळी चालू ठेवल्यास बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फार कमी होते. जन्मानंतर बाळालाही प्रतिबंधक औषध दिले जाते आणि ६ आठवड्यांनी त्याची पहिली तपासणी होते.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. गुजरात व मध्य प्रदेश या राज्यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात दैनंदिन औषधोपचारासंबंधी काही विशेष बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब हंगामी स्थलांतराची. ऊसतोड, शेतमजुरी व बांधकाम यांसाठी अनेक कुटुंबे गुजरातमध्ये जातात आणि होळीसारख्या सणाला गावी परततात. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना एका वेळी ३ महिन्यांपर्यंत औषध देण्याची तरतूद असल्याने, जाण्याची व परतण्याची तारीख आधी सांगितल्यास त्यानुसार साठा देता येतो. मुक्काम अधिक काळाचा असल्यास तेथील एआरटी केंद्रात रीतसर बदली करून घेता येते. उपचारपुस्तिका सोबत ठेवल्यास दुसऱ्या राज्यातील केंद्रालाही चालू उपचार समजतो.

दुसरी बाब अंतराची. सातपुड्यातील पाडे विखुरलेले असून नर्मदाकाठच्या काही गावांत बोटीने जावे लागते. पावसाळ्यात मार्ग बंद होण्याचा संभव असल्याने बाटली पूर्ण संपण्यापूर्वीच पुढचे औषध आणणे हिताचे असते. मुख्य एआरटी केंद्राशी जोडलेली लिंक एआरटी केंद्रे हे अंतर कमी करण्यासाठीच असतात.

तिसरी बाब रक्तक्षय व सिकलसेल आजाराची. हे दोन्ही आजार जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर आढळतात. गर्भवतींना लोह-फॉलिक ॲसिड व कॅल्शियमच्या गोळ्या नियमित दिल्या जातात. टीएलडी घेणाऱ्या स्त्रीने त्यांच्या वेळा वर दिल्याप्रमाणे ठरवून घ्याव्या लागतात. सिकलसेल आजारात मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो आणि वेदनाशामकेही वारंवार लागतात. म्हणून अशा रुग्णांत क्रिएटिनिनच्या तपासणीला अधिक महत्त्व असते.

चौथी बाब भाषेची. भिली, पावरी, मावची व अहिराणी या येथील बोली आहेत. ‘दोन तास आधी, सहा तासांनंतर’ यासारखी सूचना घड्याळाऐवजी सकाळची भाकरी, जनावरे सोडण्याची वेळ किंवा रात्रीचे जेवण यांच्याशी जोडून सांगितल्यास ती लक्षात राहते. उदाहरणार्थ, पहाटे उठल्यावर टीएलडी आणि रात्री जेवणानंतर लोहाची गोळी, अशी विभागणी सोयीची ठरते.

गोपनीयता व कायदेशीर संरक्षण

आपली स्थिती इतरांना कळेल या भीतीने काही रुग्ण औषध लपवतात किंवा प्रवासात घेत नाहीत. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करणे किंवा स्थिती उघड करणे, तसेच नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा व निवास यांत भेदभाव करणे यांस मनाई आहे. माहिती व समुपदेशनासाठी १०९७ हा राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

एचआयव्ही
एड्स
क्षयरोग
सिकलसेल आजार
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना
नंदुरबार जिल्हा