लक्ष्मीबाईंची पहाटेची शाळा



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, सह्या झाल्या, सगळ्या उठल्या, पण एक ताई बसून राहिली. ती घरी शेवयांच्या ऑर्डरी घेते. दोन लेकरं आहेत. म्हणाली, "ताई, हात पिठात असतात आणि पोरगी पुस्तक घेऊन समोर बसते. कुणाकडं बघू?"

2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा हा प्रश्न घराघरात आला होता. फोन एकच, त्याच्यावर दोघांचे वर्ग, आणि इकडे कढईतला मसाला करपतोय. माझ्याही घरी करपला. शाळा उघडल्या, पण धंदा घरात आणि मुलांचा अभ्यासही घरात, ही ओढाताण काही गेली नाही. तिला उत्तर देताना मला एक बाई आठवली. तिच्या लेकीला सगळे ओळखतात, तिला मात्र फारसं कुणी ओळखत नाही. लेक म्हणजे पंडिता रमाबाई. आई म्हणजे लक्ष्मीबाई डोंगरे.

लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या 9 वर्षांच्या होत्या आणि नवरा चाळिशी उलटलेला. आज आपण ते लग्न थांबवलंच असतं. पण हे अनंतशास्त्री डोंगरे वेगळे गृहस्थ होते. त्यांनी पेशव्यांच्या घरातली एक बाई संस्कृत शिकताना तरुणपणी पाहिली होती, आणि आपणही बायकोला शिकवायचं हे तेव्हाच मनात धरलं होतं. लोकांनी ओरड केली. धर्मसभेपुढे उभं राहून त्यांना उत्तर द्यावं लागलं. शेवटी आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ इथं त्यांनी बिऱ्हाड थाटलं. तिथं लक्ष्मीबाई शिकल्या. 1858 साली रमाबाईंचा जन्मही तिथलाच.

शास्त्रीबुवांकडे शिकायला विद्यार्थी येत. वाटसरू येत, यात्रेकरू येत. त्यांना जेवू कोण घालत होतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. आपल्याला ते एका ओळीत भागत नाही हे माहीत आहे. त्या पाहुणचारात पैसा संपला, आणि रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच घर सुटलं. मग हे कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पुराण वाचायचं, अर्थ सांगायचा. ऐकणारे धान्य, फळं, पैसे ठेवून जात. भीक मागायची नाही, हा घरातला नियम. पोट त्या दक्षिणेवर.

म्हणजे धंदा होता, आणि सगळं घरच त्यात होतं. दुकान तेवढं नव्हतं.

रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तोवर वडील थकले होते. थोरल्या दोन मुलांना त्यांनी शिकवलं, धाकटीला शिकवण्याचं बळ उरलं नव्हतं. ते काम लक्ष्मीबाईंनी घेतलं. वेळ कुठून काढला? दिवस सुरू व्हायच्या आधी. भल्या पहाटे त्या लेकीला उठवायच्या, लाडानं जवळ घ्यायच्या आणि श्लोक म्हणून घ्यायच्या. आई म्हणणार, लेक मागून म्हणणार. मग उजाडलं की आई कामाला. रमाबाई पंधरा वर्षांच्या होईपर्यंत आईनं शिकवलं. तोवर भागवत त्यांना तोंडपाठ होतं आणि त्याही आईबापांसारख्या देवळात पुराण सांगत होत्या. जो धंदा तोच अभ्यास, त्यामुळे लक्ष्मीबाईंना दोन वेगळ्या चुली पेटवाव्या लागल्या नाहीत.

इथंच गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण पुढचं सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवलं असं होईल.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही, तर पुराण ऐकून दक्षिणा कोण ठेवणार? वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ तेवढे उरले. पुढे उतारवयात आपली हकीगत लिहिताना रमाबाईंनी याचा दोष स्वतःच्या घरालाही दिला आहे. जातीचा आणि विद्येचा अभिमान आडवा आला, हाताचं एखादं काम शिकून घेतलं असतं तर आईबाप वाचले असते, असा त्याचा मथितार्थ. मला ही जागा वाचताना दर वेळी थांबावं लागतं. पहाटेची ती शाळा इतकी प्रेमाची, पण पोटाला एकच वाट ठेवणारी.

त्याच विद्येवर 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, हेही खरं. आईचे पाठ वाया गेले नाहीत. पण रमाबाईंनी स्वतः शाळा काढली तेव्हा आईच्या पाठात जे नव्हतं ते त्यांनी त्यात घातलं. 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे तिथंच शिकल्या. मग दौंडजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली-बायका तिथं आणल्या. तिथं वाचायला-लिहायला शिकवत आणि त्याबरोबर शेती, गायी, विणकाम, तेलाचा घाणा. छापखानाही होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. अक्षर ओळखल्याशिवाय खिळा जुळत नाही, म्हणजे तिथंही अभ्यास आणि धंदा एकच झाला, पण आता हातही त्यात होते.

आणखी एक. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मात्र रमाबाईंना हे जमलं नाही. मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा तिचे वडील गेले. पुढे रमाबाई कामासाठी अमेरिकेत हिंडत होत्या, तेव्हा लहानग्या मनोरमेला इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या हाती सोपवावं लागलं. एवढी मोठी बाई, पण लेकीला पहाटे जवळ घेऊन बसवण्याचं आईचं सुख तिला मिळालं नाही. घरून धंदा करणाऱ्या आपण निदान लेकराच्या समोर तरी असतो.

शेवयावाल्या ताईला मी एवढंच म्हटलं, की पाढे पाठ करताना पुस्तकाची गरज नाही. तू लाट, तिनं म्हणावं. किलोला किती, पाच किलोला किती, हे तिनंच सांगावं आणि वहीत लिहावं. पण शाळेच्या वेळेत तिच्या हातात लाटणं द्यायचं नाही. ऑर्डर कितीही मोठी असली तरी. आपल्या गावातल्या दोन मुली त्या बंदच्या काळात आईला मदत करायला म्हणून घरी राहिल्या आणि शाळा उघडल्यावर परत गेल्याच नाहीत. कायदाही हेच सांगतो: चौदा वर्षांखालच्या मुलानं घरच्या धंद्यात हात लावायचा तो शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामाला नाहीच.

त्या दोघींच्या घरी पुढच्या सोमवारी मी जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नऊ वाजता अंगणवाडीपाशी थांबा.