बेथेलची विहीर



आमच्या रविवारच्या शाळेतल्या एका मुलाने इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकातलं खेड्याचं चित्र दाखवलं. मध्ये दगडी चर्च, शेजारी शाळा, एक दुकान, पाण्याचा पंप. "सर, आपल्या लोकांचं असं गाव होतं का?" मी म्हटलं, होतं. आपल्याच हैदराबाद संस्थानात, जालन्याजवळ. नाव बेथेल.

ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वर्षी मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग वाद पेटला : मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, तरी शास्त्रीमंडळींचा विरोध सुटता सुटेना. एका पोराच्या पोटात गेलेल्या अन्नपाण्यावरून केवढं रण माजतं, हे नारायणरावांनी घरातच पाहिलं.

जालन्याकडे त्यांच्या हाकेला ओ दिली ती मुख्यतः मांग समाजाने. हे लोक गावकुसाबाहेर राहत. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, हलगी वाजवायची आणि बलुत्याच्या धान्याची वाट पाहायची. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाईल. अशा माणसांनी ख्रिस्ती होऊन त्याच गावात राहायचं म्हणजे बलुतंही गेलं आणि पाणी होतं तिथेच.

म्हणून नवं गाव. जमीन दिली निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारने. (संग्रहालय ज्यांच्या नावाने आपण ओळखतो ते तिसरे सालारजंग. हे त्यांचे आजोबा.) घरं उभी राहिली, मंदिर झालं, शाळा झाली, विहिरी खणल्या, शेती सुरू झाली. 1873 साली नारायणराव न्यू यॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले. डोक्याला पागोटं बांधलेला हा पाळक तिथे सगळ्यांच्या नजरेत भरला. नाव मात्र त्यांनी गावाला परदेशी साहेबाचं दिलं नाही. घर सोडून निघालेला याकोब जिथे धोंडा उशाशी घेऊन निजला, त्या जागेचं दिलं.

आता त्या मुलाच्या चित्राकडे पुन्हा पाहू. त्या काळचं इंग्लंडचं खेडं काही स्वर्ग नव्हतं. नळ नव्हते, पाणी विहिरीवरून किंवा पंपावरूनच आणायचं. सगळ्या मुलांसाठी शाळांची सोय करणारा कायदा तिथे 1870 मध्ये झाला. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर जमीनदार आणि मागे मजूर. सोयींच्या हिशेबाने बेथेल फार मागे नव्हतं. फरक होता तो असा, की इंग्रज मजुराच्या बायकोला पंपावर जाताना कुणी जात विचारत नव्हतं. बेथेलच्या बाईला ती मोकळीक पहिल्यांदा मिळाली. स्वतःचा पोहरा, स्वतःचा दोर. दोर वळणाऱ्यांच्या घरी जन्म घेऊनही आपला दोर विहिरीत सोडायला एवढा काळ लागला.

आपल्या मंडळ्यांत अशा ख्रिस्ती गावांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण मला एक गोष्ट बोचते. पिठापासून खमीर वेगळं काढून ठेवावं तसं हे झालं का? माझ्या मते नारायणरावांपुढे दुसरी वाट नव्हती, तहानेला थांबा म्हणता येत नाही. तरी बेथेलची विहीर खुली झाली म्हणून शेजारच्या गावांच्या विहिरी खुल्या झाल्या नाहीत. सार्वजनिक पाण्यावरचा तो हक्क बजावायला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते 20 मार्च 1927 रोजी.