जपानी चित्रकथांतील देहबाह्य आत्मा

जिवंत माणसाचा आत्मा देह सोडून बाहेर पडतो, आपलाच देह दुरून पाहतो आणि कधी परततो, कधी परतत नाही, या कल्पनेभोवती रचलेल्या गूढ चित्रकथांचा (मांगा) एक ठळक प्रवाह जपानमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. त्याची मुळे सु. एक हजार वर्षे मागे जातात. जिवंताच्या अशा भटक्या आत्म्यास जपानीत ‘इकिर्यो’ म्हणतात. मृताच्या आत्म्यास ‘शिर्यो’ अशी वेगळी संज्ञा आहे. भारतीय परंपरेतील परकायाप्रवेश हा योगसामर्थ्याचा भाग असून तो इच्छेने केला जातो. शंकराचार्य व अमरुक राजा यांची आख्यायिका हे त्याचे परिचित उदाहरण होय. जपानी कथांतील आत्मा मात्र बहुधा इच्छेवाचून सुटतो. मत्सर, विरह वा शोक असह्य झाला, की देहाशी असलेला त्याचा बंध सैल होतो. ‘अकोगारेरू’ (उत्कट ओढ लागणे) या आजच्या क्रियापदाच्या प्राचीन रूपाचा अर्थ मूळ ठिकाण सोडून भटकणे असा होता आणि तो देहाबाहेर पडलेल्या आत्म्यालाही लावला जाई.

या कल्पनेचा अभिजात आविष्कार मुरासाकी शिकिबू हिच्या गेंजी मोनोगातारी (अकरावे शतक) या कादंबरीत आहे. कामो उत्सवाच्या मिरवणुकीत गेंजीची पत्नी आओई हिच्या सेवकांनी रोकुजो या मानिनीची गाडी मागे रेटली. त्या अपमानानंतर गर्भवती आओई आजारी पडते आणि तिच्या मुखातून रोकुजोचा आत्मा बोलू लागतो. रोकुजोला याची जाणीव होते ती गंधामुळे : आओईसाठी चाललेल्या होमात टाकलेल्या मोहरीचा (काही भाषांतरांत खसखशीचा) वास तिच्या वस्त्रांना येतो, केस धुतले, वस्त्रे बदलली, तरी तो जात नाही. हा ‘गोमा’ विधी म्हणजे भारतातून बौद्ध तंत्रमार्गाने तेथे पोहोचलेला होमच होय. आपल्या हातून नकळत घडलेल्या अपराधाचा इतका सूक्ष्म पुरावा पुढील रहस्यकथांतही विरळाच. पुत्र जन्मल्यावर आओई मरण पावते. झपाटणाऱ्या भुताकडे पाहणाऱ्यांच्या स्वतःच्याच मनातील पिशाच म्हणून पाहता येईल, असे सूचन लेखिकेच्या एका कवितेत आढळते. आओई नो उए या नो नाटकात रुग्ण आओईच्या जागी रंगमंचावर केवळ एक घडी घातलेले वस्त्र ठेवतात. तोरियामा सेकीएन याने १७७६ च्या आपल्या पिशाच्चचित्रसंग्रहात इकिर्यो व शिर्यो ही दोन्ही रूपे चितारली.

दरबारी साहित्यात हा आत्मा मत्सराचा, तर ग्रामीण लोककथांत तो प्रामुख्याने शोकाचा आहे. यानागिता कुनिओ याने सासाकी किझेन याच्याकडून ऐकलेल्या ११९ कथा तोनो मोनोगातारी (१९१०) या नावाने प्रसिद्ध केल्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या ३५० होत्या. त्यांपैकी ९७ व्या कथेत ज्वराने मरणासन्न झालेला एक गावकरी हवेत तरंगत आपल्या कुळाच्या मंदिराकडे जातो. आत लाल फुले फुललेली असतात. फुलांमध्ये त्याचा मृत पिता उभा असतो आणि पुढे अकाली गेलेला मुलगाही भेटतो. आपल्याला पाहून आनंदलेल्या बापाला तो मुलगा सांगतो, की इतक्यात येऊ नकोस. तोच दाराशी कोणी तरी त्याचे नाव घेऊन हाका मारते आणि तो नाइलाजाने मागे फिरतो. शुद्धीवर येतो, तेव्हा आप्त जमून त्याच्या अंगावर पाणी शिंपडत असतात. मरणाऱ्याचे नाव घेऊन, प्रसंगी छपरावर चढून, आत्म्यास परत बोलावण्याची ‘तामायोबाई’ ही प्रथा अनेक प्रांतांत होती. कथेतील ‘नाइलाजाने’ हा तपशील विशेष महत्त्वाचा आहे; परतल्यामुळे तो मुलाला दुसऱ्यांदा मुकतो.

युद्धोत्तर काळात मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) याने लोककथांतील पिशाच्चांना चित्रकथेत स्थान दिले. न्यू ब्रिटन बेटावरील बाँबहल्ल्यात त्याचा डावा हात गेला होता. तोनो मोनोगातारीची त्याची चित्रकथा २०१० मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

तोगाशी योशिहिरो याच्या यू यू हाकुशो (१९९०–९४, १९ खंड) या मालिकेने हा विषय किशोरवयीन वाचकांपर्यंत नेला. मोटारीखाली सापडणाऱ्या मुलाला वाचविताना मेलेला चौदा वर्षांचा उनाड नायक आपल्याच अंत्यविधीला अदृश्य रूपाने हजर राहतो. आपल्यासाठी कोणी रडणार नाही अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात आई कोपऱ्यात खचून बसलेली त्याला दिसते. पुनर्जीवित झाल्यावर तो परलोकाचा गुप्तहेर बनतो. पुढे मालिका द्वंद्वयुद्धांत गुंतत जाते. तिचे आरंभीचे भागच या दृष्टीने सरस आहेत. कुबो ताइतो याच्या ब्लीच (२००१–१६) मध्ये देह व आत्मा एका साखळीने जोडलेले दाखविले आहेत. तीमधील एक मृत भाऊ, बहीण आपल्यासाठी प्रार्थना करीनाशी झाली म्हणून एकाकीपणाने राक्षस बनतो. तिने मात्र भावाला काळजी वाटू नये म्हणूनच प्रार्थना थांबविलेली असते.

मोकुमोकुरेन याच टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या चित्रकाराच्या, २०२१ मध्ये सुरू झालेल्या हिकारू गा शिंदा नात्सू (‘हिकारू मेला तो उन्हाळा’) या मालिकेत ही रचना उलटी झाली आहे. डोंगरात हरवलेला मित्र गावी परततो. देह त्याचाच असतो, आत दुसरेच काही असते. योशिकी हा त्याचा सोबती ते ओळखतो, तरीही त्याला दूर लोटू शकत नाही.