लोखंड, वारा आणि कोळसा

गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या गावी आमच्या ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी फाळ घडविले, बैलगाड्यांना धावा चढविल्या. कोळसा किती जळतो हे भात्याच्या वाऱ्यावर व कोळशाच्या जातीवर ठरते, हे त्यांस पुस्तकावाचून ठाऊक होते.

झोतभट्टीत मात्र कोळशास तिहेरी काम असते: उष्णता देणे, खनिजातील प्राणवायू काढून घेणे, आणि वरचा भार सोसून वाऱ्यास वाट ठेवणे. दगडी कोळसा तसाच घातला तर चुरा होऊन वाट बुजते. म्हणून तो हवाबंद भाजून त्याचा कोक करतात. सर्वच कोळशांचा तो होत नाही. शिवाय राख अधिक तर चुनखडी अधिक, मळी अधिक, आणि ती वितळविण्यास पुन्हा कोकच अधिक.

चांद्याचे लोखंड येथेच अडले. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे (नावही आम्हांस आपलेच वाटावे!) खनिज उत्तम, वरोऱ्याची खाण जवळ. परंतु वरोऱ्याचा कोळसा तपासणीत अयोग्य ठरला. कारखाना अखेर झाला तो झरियाच्या कोळशाच्या आवाक्यात, साकचीस. तेथे डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड वाहिले. जमशेटजी १९०४ सालीच निवर्तले होते.

वाऱ्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८२८ साली स्कॉटलंडात नील्सनने तापविलेला वारा भट्टीत सोडण्याचे पेटंट घेतले आणि कोळशाची मोठी बचत झाली. पुढे भट्टीतून निघणारा वायूच जाळून तो वारा तापवू लागले. आमच्या भात्याचा वारा मात्र थंडच राहिला.