लक्ष्मीची खूण

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी मराठी घरांत पाटावर हिशेबाच्या वह्या, नाणी, लाह्या-बत्तासे मांडतात, आणि त्यांच्या शेजारी नवी केरसुणी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहतात. संपत्तीच्या देवतेचा मान केरसुणीला का मिळावा, हे परक्या माणसाला चटकन उमगत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर लक्ष्मी या शब्दाच्या मुळाशीच जावे लागते.

हा शब्द मुळात धनवाचक नव्हता. 'लक्ष्म' म्हणजे खूण; चंद्रावरील डागालाही संस्कृतात हाच शब्द आहे. ऋग्वेदात लक्ष्मी हे पद एकदाच, दहाव्या मंडलाच्या ७१ व्या सूक्तात येते, आणि तेथे विषय पैशाचा नसून वाणीचा आहे. पीठ चाळणीने चाळावे तसे शब्द पारखून बोलणाऱ्यांच्या वाणीत शुभ खूण वसते, असा त्याचा आशय. परंतु खूण म्हटली की ती बरी असेल, तशी वाईटही असेल. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात मनुष्यदेहाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्मास येतात असे म्हटले असून, त्यांतील पापी लक्ष्मींना निघून जाण्याची व पुण्यकारक लक्ष्मींना राहण्याची विनवणी केली आहे. श्री तर त्या काळी निराळीच होती. वाजसनेयी संहितेत श्री आणि लक्ष्मी या दोन पत्नी म्हणून वेगवेगळ्या उल्लेखिल्या आहेत. पुढे या दोघी एकरूप झाल्या आणि पापी लक्ष्मीला अलक्ष्मी हे स्वतंत्र नाव मिळाले.

अलक्ष्मी ही थोरली बहीण, म्हणून ती ज्येष्ठा. दक्षिण भारतात तिच्या जुन्या पाषाणमूर्ती आहेत. कावळ्याचा ध्वज आणि केरसुणी ही तिची लक्षणे. मराठीने हे नाते मोठ्या खुबीने जपले आहे. घराला दारिद्र्य आले की 'अक्काबाईचा फेरा आला' असे म्हणतात. अक्का म्हणजे थोरली बहीण! जिचे नाव घेण्याचीही भीती वाटते, तिला आदरार्थी नात्याने हाक मारून दाराबाहेरच थोपवावे, हा शहाणपणा भाषेचाच. दिवाळीच्या त्या अमावास्येला मध्यरात्री स्त्रियांनी सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवावे, असा जुना प्रघात आहे. एकीचे चिन्ह तेच दुसरीच्या आगमनाचे साधन ठरले, आणि केरसुणी पाटावर येऊन बसली.

घरात ही घालमेल चालू असता राजदरबारांत लक्ष्मीची खूण अक्षरशः धातूवर उमटत होती. कुषाण राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर अर्दोक्षो नावाची इराणी देवता फळांनी भरलेले शिंग हाती घेऊन बसलेली दिसते. गुप्त राजांनी प्रथम तिचीच प्रतिमा उचलली. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर सिंहासन व ते शिंग कायम आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात मात्र देवी कमळावर बसली व पूर्णपणे आपली लक्ष्मी झाली. अकराव्या शतकात जबलपूरजवळच्या त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव याने एका बाजूस आपले नाव व दुसऱ्या बाजूस चतुर्भुज लक्ष्मी अशी नाणी पाडली. ती इतकी रुजली की चंदेल, गाहडवाल आदी घराण्यांनी तोच छाप उचलला. राजांची आपापसांत लढाई असे. नाण्यावरील देवी मात्र सर्वांची एकच.

याहून नवलाची गोष्ट पुढे घडली. ११९२ मध्ये तराईच्या रणांगणावर पृथ्वीराज चौहानाचा आणि ११९४ मध्ये चंदावर येथे गाहडवाल राजा जयचंद्राचा पराभव झाला. विजेत्या मुहम्मद घोरीने त्यानंतर जी सोन्याची नाणी पाडली, त्यांवर लक्ष्मी तशीच बसलेली आहे आणि पाठीमागे देवनागरी लिपीत त्याचे व त्याच्या पित्याचे, साम याचे, नाव कोरलेले आहे. कारण बहुधा व्यवहाराचेच असावे. मुलूख तलवारीने जिंकता येतो, पण सराफाच्या पेढीवर नाणे चालावयाचे तर त्यावरची खूण लोकांच्या ओळखीची लागते. मूर्ती न मानणाऱ्या सुलतानालाही ती खूण एकाएकी पुसता आली नाही. पुढे इल्तुतमिशने चांदीचा टंका पाडला आणि दिल्लीच्या नाण्यांना निराळे वळण लागले.

या घोरी नाण्यावर आणखी एक गंमत आहे. त्याच्या नावाआधी 'श्री' हे अक्षर आहे; म्हणजे चित्रात लक्ष्मी आणि अक्षरातही लक्ष्मी. चित्रे नाण्यांवरून गेली, अक्षर टिकले. मराठेशाहीतील पत्रांत सरदारांना 'राजश्री' म्हणून संबोधीत. गोव्यात दोन हत्तींच्या अभिषेकात बसलेली गजलक्ष्मी 'केळबाय' या नावाने अद्याप पूजेत आहे, आणि बेळगावकडील गावांत लक्ष्मीची मोठी यात्रा कित्येक वर्षांच्या अंतराने भरते. परंतु तिचे सर्वांत मोठे क्षेत्र देवळाबाहेरच आहे. वसईच्या ख्रिस्ती घरची लग्नपत्रिका असो, हैदराबादच्या मुसलमान वकिलाला आलेले मराठी पत्र असो, की इंदूरच्या शाळेतील हजेरीपट असो, नावाच्या आधी कोणी विचार न करता एक अक्षर लिहून जातो, आणि ते 'श्री' हेच असते.