सनमायका आणि हळदीचा डाग

आपल्या सांगली भागात हळदीचा डाग नाही असं घर शोधून सापडायचं नाही. आमच्या माधवनगरच्या गटात मसाला भरायला जुनं सनमायकाचं टेबल घेतलं, ते चार महिन्यांत पिवळं पडलं. सुतार म्हणाला, वरचं शीट बदला. गटाच्या शिल्लकीला हात लावण्याआधी आम्ही ठरवलं, हे सनमायका आहे तरी काय ते बघू.

मूळ गोष्ट अमेरिकेतली. विजेच्या यंत्रांत वीज भलतीकडे जाऊ नये म्हणून अभ्रक लावत. अभ्रकाला इंग्रजीत मायका म्हणतात. (हिंदी मालिकांतलं मायका नव्हे, ते माहेर!) १९१२ च्या सुमारास हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या इंजिनिअरांनी रेझिनमध्ये भिजवलेले थर तापवून, दाबून घट्ट केले. मायकाच्या ऐवजी, म्हणून नाव पडलं फॉर्मायका. पुढं नक्षीचा कागद आणि त्यावर मेलामाइनचा चकचकीत थर आला, तेव्हा ते स्वयंपाकघरात शिरलं. आपल्याकडं सनमायका हे एका मालाचं नाव, पण डालडासारखं सगळ्यांनाच चिकटलं.

म्हणजे ते दिसायला दगड, आतून कागद. आजी चुलीपुढची जमीन सारवायची, डाग तिथंच संपायचा. कडप्प्याच्या कट्ट्यावर उतरवलेली कढईही चालते. सनमायकावर तीच ठेवली तर फुगा येतो, आणि नक्षीचा कागद जळला की तो डाग कशानंही निघत नाही. तेवढा तुकडा बदलावाच लागतो.

हळदीचं मात्र वेगळं. साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. ओल्या फडक्यानं साबण पुसून काढा आणि टेबल उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. आमचं टेबल आठवडाभर अंगणात होतं, पिवळेपणा बराच उतरला. एक कोपरा आधीच्या मालकाकडं तारेच्या घासणीनं खरबरीत झालेला, तिथला डाग तेवढा राहिला. चकाकी गेली की रंग आत बसतो. शीट बदललं नाही.

पाणी याहून वाईट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्या घरांत पाणी शिरलं, तिथं ट्रॉलीची दारं कडेनं फुगली. पाणी वरून जात नाही, कडेच्या सांध्यातून प्लायमध्ये मुरतं. शीट नुसतं सुटलं असेल तर पूर्ण वाळवून, चिकटवून वर वजन ठेवा. फळीच फुगली असेल तर चिकटवण्यात पैसे घालू नका. सिंकजवळची कडेची पट्टी मात्र आजच बघा.